सभापतींचं मौन

रायाप्पांच्या सोप्यात त्या सकाळी दोडक्याच्या भाजीचा ठराव पडला, त्यापाठोपाठ घेवड्याचाही पडला, आणि घरातल्या सगळ्यांनी दुपारी शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खाल्ली.

खरं तर काय शिजवायचं हा प्रश्न त्या घरात कधी मताला टाकावा लागला नव्हता. रायाप्पा सकाळी “आज घेवडा करा” असं सांगून तंबाखूच्या रानाकडं जायचे. त्यांच्या पत्नी शालनबाई “बरं” म्हणायच्या आणि दोडका करायच्या. दुपारी रायाप्पा येऊन तो दोडका मुकाट्यानं खायचे. दोघांचाही मान राहायचा. हे सगळं मोडलं ते मुलामुळं, बाबगोंडामुळं. पण बाबगोंडाला तरी दोष कसा द्यायचा? त्याला परीक्षेला बसायचं होतं.

बाबगोंडा बेळगावच्या कॉलेजात शिकत होता. निपाणीजवळच्या त्या खेड्यातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. पण मागल्या वर्षी तो नापास झाला होता, आणि रायाप्पांनी बजावून ठेवलं होतं, “यंदा पास झालास तर शीक. न्हाय तर गुमान तंबाखूच्या वखारीत येऊन बस.” वखारीत पाऊल टाकलं की बाबगोंडाला शिंका लागायच्या. एकदा लागल्या की डोळे सुजेपर्यंत थांबायच्या नाहीत. तिथं जन्म काढायचा म्हणजे शिंकत शिंकतच काढायचा, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

त्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला देवस्थळी नावाचे नवे प्रोफेसर आले. तेव्हा मुंबई इलाख्यात नुकत्याच निवडणुका होऊन लोकांनी निवडलेलं मंत्रिमंडळ आलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी मत, ठराव, बहुमत हेच शब्द होते. देवस्थळींचं म्हणणं असं की राज्यशास्त्र पुस्तक वाचून येत नाही, राज्य करूनच येतं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्यानं आपापल्या घरी लोकशाही चालवावी. घरच्या चुलीवर ज्याची भाकरी भाजते त्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक मत. ठरावाशिवाय घरात काही हलायचं नाही. सुट्टीच्या शेवटी सर स्वतः येऊन पाहणार, आणि त्यांचं समाधान झालं तरच टर्म भरल्याची सही देणार.

“टर्म म्हंजे काय रं?” रायाप्पांनी विचारलं.

“ती भरली न्हाय तर परीक्षेला बसूच देत न्हाईत, आप्पा.”

“म्हंजे व्रतच की,” आज्जी हळूच म्हणाली. “नेमानं पुरं केलं तर फळ.”

आज्जी म्हणजे रायाप्पांची आई, गंगव्वा. पहाटे स्नान, मग बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जाऊन दर्शन, मग माळ, आणि त्यानंतर कुणाशी दोन शब्द. तिचा आवाज इतका बारीक होता की ती बोलायला लागली की बाकीच्यांना गप्पच बसावं लागायचं. सभापतीचं निम्मं काम इथंच झालं, असा विचार करून बाबगोंडानं तिला सभापती केलं. रायाप्पा अर्थातच मुख्य प्रधान झाले. शालनबाई आणि बाबगोंडाची धाकटी बहीण राजमती हा विरोधी पक्ष. राजमती मराठी सात इयत्ता शिकली होती आणि तिची जीभ विळीच्या पात्यासारखी होती. चौथा सभासद भरमा, घरचा जुना गडी. त्याची दुपारची भाकरी याच चुलीवर भाजायची, म्हणून त्यालाही मत मिळालं. बाबगोंडा नुसता चिटणीस. त्याला मत नाही, काळजी मात्र सगळी त्याला.

सरांनी एक नियम फार कडक घातला होता. वर्गात लुटुपुटीची सभा भरवली की तासाची घंटा वाजताच मुलं वाक्य अर्धं टाकून पळायची. म्हणून सरांनी ठरवलं, सभा घंटेनं सुरू व्हावी, पण संपावी ती सभापतीच्या तोंडच्या शब्दानं. सभापती “सभा संपली” असं म्हणेपर्यंत एकाही सभासदानं, अगदी चिटणीसानंही, जागेवरून उठायचं नाही. उठला तर सगळं रद्द. आज्जीनं देवघरातली घंटा जवळ घेतली. सभा संपवताना ती “सभा संपली” म्हणायची आणि सवयीनं पुढं “जय जिनेंद्र” जोडायची. नियमात ते बसत नव्हतं, पण बाबगोंडानं चालवून घेतलं.

पहिल्या दिवशी दोडक्याला दोन मतं पडली आणि दोन विरुद्ध. घेवड्याचंही तसंच झालं.

“आज्जी, तूच मत दे की गं,” राजमती म्हणाली.

“माझं एकच मत हाय, ते देवाला दिलंय,” आज्जी म्हणाली आणि सभा संपवली.

म्हणजे सगळी मदार भरमावर आली. हे सगळ्यांत आधी शालनबाईंच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी भरमाच्या भाकरीवर लोण्याचा एवढा गोळा आला आणि दोडका मंजूर झाला. मग रायाप्पांनी आपल्या चंचीतली पहिल्या प्रतीची तंबाखू भरमाच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या सकाळी घेवडा मंजूर झाला. उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसणारा भरमा आता पाय पसरून बसू लागला.

“भरमा, खरं सांग, तू कुणाच्या बाजूचा?” रायाप्पांनी एकदा कातावून विचारलं.

“मी आपला गरिबाच्या बाजूचा, आप्पा.”

“आणि गरीब कोण?”

“आता ते मीच हाय, त्याला काय करायचं?”

शेवटी राजमतीनं सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. पावसाळाभर माजघरातली कौलं गळत होती आणि मुख्य प्रधान “उद्या करू” म्हणत आले होते, हे कारण. त्या दिवशी लोण्याबरोबर गूळही होता. सरकार पडलं. रायाप्पांना आपल्याच सोप्यात, आपल्याच घोंगड्यावर बसून विरोधी पक्षनेता व्हावं लागलं. शालनबाई मुख्य प्रधान झाल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि पहिलं काम म्हणून भरमाला कौलांवर चढवलं.

रायाप्पांना निपाणीला वखारीत जायचं होतं. ते नेहमीप्रमाणे पटका बांधून उंबऱ्यापर्यंत गेले.

“आप्पा, ठराव मांडा आधी,” राजमती म्हणाली.

रायाप्पा परत आले. त्यांनी ठराव मांडला. शालनबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

“बघू,” त्या म्हणाल्या.

आजवर माहेरी जायचं म्हटलं की त्यांना हाच शब्द ऐकायला मिळत आला होता. तो उच्चारायला इतका सोपा असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. रायाप्पांनी पटका सोडून खुंटीला अडकवला.

बाबगोंडा मात्र खूश होता. सरकार पडलं, दुसरं आलं, मारामारी झाली नाही. याहून चांगलं राज्यशास्त्र ते कोणतं? सर शनिवारी येणार होते आणि तो तारखेची वाट पाहत होता. चूक झाली ती इथंच. कॉलेजात राहून त्याला तारीख-वार बघायची सवय लागली होती. तिथी कोणती हे त्यानं पाहिलंच नाही.

शनिवारी सकाळी आज्जी बस्तीतून आली, आपल्या पाटावर बसली आणि माळ हातात घेतली.

“आज्जी, गरम पाणी देऊ का गं प्यायला?” राजमतीनं विचारलं.

आज्जीनं ओठांवर बोट ठेवलं.

बाबगोंडाला आत्ता तिथी आठवली. त्या दिवशी चतुर्दशी होती. दर चतुर्दशीला आज्जीचा उपवास आणि मौन. मौन किती वेळाचं हे ती मनात धरायची. कधी जप पुरा होईपर्यंत, कधी दिवस मावळेपर्यंत. कुणी विचारत नसे, कारण विचारलं तरी ती सांगणार कशी?

“आज्जी, आजच्या दिवस तेवढं...” बाबगोंडा रडकुंडीला येऊन म्हणाला. आज्जीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि मणी पुढं ओढला.

“दुसरा सभापती करू,” राजमती म्हणाली.

“तो सभेत करायला लागतो. आणि झाला असं जुन्या सभापतीनं सांगायला लागतं.”

“मग आजची सभाच नको.”

“आणि सर?”

सर तोपर्यंत निपाणीला सर्व्हिस मोटारीतून उतरून बैलगाडीत बसले होते. दुपार कलल्यावर ते पोचले. अंगावर कोट, डोक्याला टोपी, कमरेला चामड्याचा पट्टा, आणि सगळ्यावर रस्त्याची लाल धूळ. शालनबाई ताट वाढायला निघाल्या.

“छे, छे. आधी सभा, मग भोजन,” देवस्थळी म्हणाले. “पहाटे बेळगावाहून निघाल्यापासून मी पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. पण कर्तव्य पहिलं.”

हे वाक्य पुढं त्यांना बराच वेळ आठवत राहिलं.

आज्जीनं घंटा वाजवली. सभा सुरू झाली. सर खुर्चीवर बसले आणि एकेकाला प्रश्न विचारू लागले. शालनबाईंनी कौलांबद्दल सांगितलं. राजमतीनं अविश्वासाच्या ठरावाबद्दल सांगितलं. सर मान डोलवत होते. बाबगोंडाचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. मग सर भरमाकडे वळले.

“तुमचं मत निर्णायक ठरलं म्हणे. ते तुम्ही कसं ठरवत होतात?”

“लोण्यावर, सर,” भरमा म्हणाला.

“लोण्यावर?”

“व्हय. आणि आप्पांच्या तंबाखूवर. पर लोणी ताजं पाहिजे बगा. शिळ्यावर मी मत देत न्हाय.”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “आणि सरकार पडलं ते?”

“त्यात गूळ होता, सर.”

शालनबाईंनी नजर जमिनीकडे वळवली आणि रायाप्पांनी आढ्याकडे. सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

“बाबगोंडा, हे राज्यशास्त्र नव्हे. हा मतांचा बाजार आहे. मी सही देऊ शकत नाही.”

बाबगोंडाच्या नाकाला आत्तापासूनच तंबाखूचा वास यायला लागला. “सर, पण सभा सगळ्या नियमानं चालवल्या. एकही नियम मोडला न्हाय.”

“तसं? मग ही सभा नियमानं संपवून दाखवा. तेवढंच पाहायचं राहिलंय. तेही बिघडलं, कुणी एकजण जरी आधी उठला, तर पुढं बोलायलाच नको.”

सगळ्यांनी आज्जीकडे पाहिलं. आज्जीनं एक मणी पुढं ओढला.

“सभापती काही बोलत नाहीत,” थोड्या वेळानं सर म्हणाले.

“तिचं मौन हाय, सर. आज चतुर्दशी हाय,” बाबगोंडा म्हणाला.

“किती वाजता सुटतं?”

“ते तिलाच ठाऊक.”

“मग विचारा त्यांना.”

“विचारलं तर सांगणार कशी, सर?”

सर पुन्हा खुर्चीवर बसले. ही त्यांना आधी मोठी गंमत वाटली. ते म्हणाले, असे घटनात्मक पेचप्रसंग इंग्लंडातसुद्धा क्वचितच येतात, आणि आपण भाग्यवान आहोत. भरमानं विचारलं, भाग्यवान माणसानं बैलांना वैरण घालायला उठलं तर चालेल का? सर म्हणाले, नाही.

“आज्जी, नुसती मान हलव गं,” राजमती म्हणाली.

“मान चालणार नाही,” सर म्हणाले. “उद्या एखाद्या देशात सभापतीला डुलकी लागली, मान हलली आणि सभा संपली, असं होऊन कसं चालेल? शब्द हवा. खूण म्हणजे शब्द नव्हे.”

उन्हं सोप्याच्या खांबावरून भिंतीवर चढली. शालनबाईंची चुळबुळ सुरू झाली. आत चुलीपाशी भाकऱ्यांची चवड, झुणका, दोडका आणि सरांसाठी म्हणून केलेली गव्हाची खीर, सगळं तयार होतं. आणि ते घर जैनाचं. दिवस मावळल्यावर तिथं कुणी घास घेत नसे. पाहुणा असो की घरचा, जेवायचं ते उजेडात, नाही तर दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर.

“दिवस कललाय, सर,” रायाप्पा म्हणाले. “मघापासून सांगीन म्हणतोय.”

सरांच्या पोटातून आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला, पण सभेच्या कामकाजात धरला नाही.

“माजघर सोप्यातच धरायचं, असा ठराव करूया,” रायाप्पांना एकदम सुचलं. “मग ही आत गेली तरी सभेतच हाय.”

शालनबाईंनी लगेच अनुमोदन दिलं. राजमतीनं हात वर केला. भरमानं लोणी न मागता हात वर केला. सुट्टीभरात एकमतानं पास झालेला तो पहिला ठराव. पण पास झाला असं सभापतीनं म्हटल्याशिवाय तो पास होत नव्हता. सगळे वर केलेले हात आज्जीकडे बघत हळूहळू खाली आले.

मग राजमती सरांकडे वळली. “सर, तुम्ही सभासद न्हाई न्हवं?”

“नाही. मी निरीक्षक.”

“मग तुम्ही उठलात तर काय बिघडत न्हाई.”

“बिघडत नाही,” सर म्हणाले. राजमती कुठं चालली आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

“आत ताटं हाईत मांडलेली. तेवढी आणून वाढता का?”

सर आनंदानं उठले. उठताना त्यांच्या गुडघ्यांनीही अनुमोदन दिलं. ते माजघराच्या दाराशी पोचतात तोच शालनबाई कळवळून म्हणाल्या, “अगंबाई, तसंच कसं आत जाताय, सर? मोटारीतनं आलाय. कमरंला चामडं हाय. चुलीला कसं शिवायचं?”

“मग?”

“मागं परड्यात हौद हाय. दोन तांबे घ्या अंगावर. दोरीवर ह्यांचा धुतलेला पंचा हाय.”

कार्तिकातल्या संध्याकाळचा हौद. मागून पहिल्या तांब्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सरांचा इंग्रजीतला एक शब्द आला, जो त्यांनी वर्गात कधी शिकवला नव्हता. थोड्या वेळानं राज्यशास्त्राचे प्रोफेसर रायाप्पांचा पंचा नेसून, केसांतून पाणी ठिबकत, माजघरात शिरले.

“भाकऱ्या कुठं आहेत?”

“दुरडीत. डाव्या हाताला. ते न्हवं, ते शेणी ठेवायचं हाय,” शालनबाई जागेवरून सांगत होत्या. “पाणी गाळलेलंच घ्या हं. फडकं बांधलेल्या कळशीतलं.”

“आणि खीर?”

“खीर तुमची हाय. आधी ह्यांना वाढा.”

सरांनी पाच ताटं वाढली. आज्जीचा उपवास होता, तिनं हातानं नको म्हटलं. दोन फेऱ्यांत त्यांनी झुणका आणला, तिसऱ्या फेरीत दोडका. ओल्या पंच्याचा बोंगा एका हातात आणि भाकरीची दुरडी दुसऱ्या हातात, अशी त्यांची धावपळ चालली होती. बाबगोंडाला ते बघवेना, पण त्यालाही भूक लागली होती.

जेवण सुरू झालं तशी नवीच अडचण आली. त्या घरात जेवताना कुणी बोलत नसे. पहिला घास तोंडात गेला की हात धुवेपर्यंत मौन. मघापर्यंत “डावीकडं, उजवीकडं” सांगणाऱ्या शालनबाई एकदम गप्प झाल्या.

“मीठ कुणाला हवंय का?” सरांनी विचारलं.

रायाप्पांनी चिमूट दाखवली.

“मीठ? की चटणी? जरा बोला ना.”

रायाप्पांनी पुन्हा चिमूट दाखवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. राजमतीनं दोन बोटं वर केली. सर दोन भाकऱ्या घेऊन आले. तिला दोन घोट पाणी हवं होतं. भरमानं हात आडवा फिरवला, तो ‘पुरे’ असेल असं समजून सर पुढं गेले, तर त्यानं त्यांच्या पंच्याचं टोक धरून ठेवलं. खूण म्हणजे शब्द नव्हे, असं मघाशी म्हणणारे सर आता प्रत्येकाच्या बोटाकडे डोळे लावून, वाकून वाकून बघत होते. शेवटी भरमाला आणखी झुणका हवाय हे त्यांना उमगलं, तेव्हा त्यांना अवघड प्रमेय सुटल्याचा आनंद झाला.

एकेकानं जागेवरच ताटात हात धुतले. आता सरांनी स्वतःसाठी वाढून घेतलं. खिरीची वाटी भरली, वर तूप सोडलं, ताट घेऊन ते सोप्यात येऊन पाटावर बसले. त्यांनी चित्रावती घातली. खिरीच्या वाटीकडे हात नेला.

रायाप्पांनी घसा खाकरला. समोरच्या बांधाआड सूर्य बुडाला होता.

“दिवस मावळला, सर,” ते अगदी हळू म्हणाले.

सरांचा हात वाटीवर तसाच राहिला. “म्हणजे?”

“ह्या घरात आता पानावर कुणी बसत न्हाय.”

“पण मी काही तुमच्या... मला हा नियम...” सरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणाच्या तोंडावर राग नव्हता. राजमती अगदी मायेनं म्हणाली, “कुणी एकजण जरी उजेड गेल्यावर जेवला, तर सगळंच रद्द हुतंय, सर.”

सरांनी वाटी ताटात ठेवली. ताट बाजूला सरकवलं. पहाटेपासूनचा उपवास, गार पाण्याची आंघोळ आणि समोर तुपाची खीर. लोकशाहीबद्दल त्यांना त्या क्षणी काय वाटलं, हे ते पुढं कधी बोलले नाहीत.

“मास्तर.”

आवाज इतका बारीक होता की कुठून आला ते आधी कळेना. मग सगळे एकदम आज्जीकडे वळले. आज्जीनं माळ मांडीवर ठेवली होती.

“आज्जी, म्हण लवकर, सभा संपली म्हण,” बाबगोंडा म्हणाला.

आज्जीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. “मास्तर, आमच्यात आता चूल न्हाय. पर भरमाच्या घरी हाय. त्याची बायको मालुबाई, ती आत्ता भाकऱ्या थापत असंल. तिच्या हातचा खरडा सगळ्या गावात नावाजलेला. त्यांच्यात दिवे लागल्यावर जेवत्यात.”

सरांनी पंचा सावरला. “मग... मी जातो की तिकडं. घर कुठं आहे त्यांचं?”

“तुम्ही एकलं गेल्यावर ती कशी वाढंल? ओळख न पाळख, आणि अंगावर पंचा. भरमा संगं पाहिजे.”

“मग चला, भरमा.”

“भरमा सभासद हाय,” आज्जी म्हणाली. “आणि मी अजून सभा संपवली न्हाय.”

भरमानं आपली मांडी आणखी घट्ट घातली.

सर आज्जीकडे वळले. मग त्यांनी विचारलं, “आपली काय इच्छा आहे?”

“माझी काय इच्छा असणार ह्या वयात? पोरगं वखारीत शिंकून मरंल, एवढीच काळजी. ते टर्म का काय म्हणता, त्याचं बघा जरा.”

“पण मतं लोण्यावर विकली गेली, आजीबाई. मी तत्त्व कसं सोडू?”

“नका सोडू,” आज्जी म्हणाली आणि माळ पुन्हा हातात घेतली. “तुम्ही तुमच्या तत्त्वावर बसा. आम्ही बी बसतो. आमची जेवणं झाल्यात.”

बाहेरून, भरमाच्या घराच्या बाजूनं, तव्यावर भाकरी फुगल्याचा वास आला. निदान सरांना तरी तो आला.

“दिली,” सर म्हणाले.

“काय दिली?” राजमतीनं विचारलं.

“टर्म. सही देतो. सकाळी निघायच्या आधी.”

“सगळ्यांनी ऐकलं न्हवं?” आज्जीनं सभेला विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. “मग सभा संपली. जय जिनेंद्र.”

भरमा कंदील घेऊन पुढं आणि पंचा सावरत प्रोफेसर देवस्थळी मागं, असे दोघं अंधारातून गेले. मालुबाईनं नंतर सगळीकडं सांगितलं की मास्तर चांगला माणूस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खरड्याला नाव ठेवलं नाही, आणि चौथी भाकरी मागून घेतली.

इकडं सोप्यात शालनबाईंनी समई लावली. रायाप्पा पाय मोकळे करत होते. बाबगोंडानं आज्जीच्या पायांवर डोकं ठेवलं.

“नशीब माझं. तुझं मौन बरोबर मावळतीला सुटलं.”

“मावळतीला कुठं?” आज्जी माळ डबीत ठेवत म्हणाली. “मौन जपापुरतंच धरलं हुतं आज. जप दुपारीच पुरा झाला. तुझा मास्तर भरमाला लोण्याचं विचारत हुता, तवाच.”

बाबगोंडानं डोकं वर केलं. शालनबाईंचा हात समईवरच थांबला.

“म्हंजे सगळा वेळ तुला बोलता येत हुतं?” राजमती म्हणाली.

“येत हुतं की. पर तो सही न्हाय म्हणाला. तवा बोलून काय उपयोग? भूक लागल्यावर माणूस जरा ऐकतो. मला काय, माझा उपवासच हुता.”

रायाप्पा भाविक माणूस. त्यांना हे काही पटेना. ते आईजवळ येऊन बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, “आई, असं चतुर्दशीला... ह्याला खोटं म्हणत न्हाईत व्हय?”

आज्जीनं डबीचं झाकण लावलं आणि मुलाकडे पाहिलं.

“खोटं कसं हुईल रं, रायाप्पा?” ती म्हणाली. “मी तर बोललेच न्हाय.”